पाव इंच

चित्र घेऊन आल्या त्या बाई, जुन्या चादरीत गुंडाळून.
म्हणाल्या, सोनेरी फ्रेम पाहिजे, रुंद, हॉलला शोभेल अशी.
मी चादर सोडली
आणि टेप हातातच राहिली.

जवळून काहीच नव्हतं.
सुरीनं थापलेला रंग, कुठं बोटभर जाड,
पिवळी माती, शेवाळी हिरवा, मधेच कोरा कॅनव्हास.
चित्र भिंतीला टेकवून मागं सरकत गेलो,
उंबऱ्याबाहेर, पायरीखाली, मंगळवार पेठेच्या भर रस्त्यात.
रिक्षावाल्यानं हॉर्न दिला
आणि तिथून
नदी लागली.

चिखलीच्या वरल्या अंगाचा आमचा उतार.
दरडीत खोदलेल्या पायऱ्या, दर पावसाळ्याला एक कमी.
करंजाच्या बुंध्याला नावेचं दावं.
पल्याड ऊस, उसामागं गुऱ्हाळाचा धूर:
पांढऱ्याचा एकच हात, परत न फिरवलेला.
सावल्या जांभळ्या. आधी खोटं वाटलं मला ते.
मग आठवलं, सकाळी सातला खरंच जांभळ्या असायच्या
चिखलावर, म्हशींच्या पोटाखाली.

नावेत उभा तपकिरी फटकारा म्हणजे शिदूमामा आंबी.
तोंड काढलेलं नाही. गरजही नाही.
कळकावर असा डावा खांदा टाकून
त्या पाण्यात दुसरं कुणी उभं राहत नव्हतं.
गाववाला पैसे देत नसे; सुगीला घरटी पायलीभर जोंधळे.
पाव्हण्यांकडून चार आणे,
ते तो कानात ठेवायचा आणि विसरायचा.

त्याच्या मागं निळीचा एक ठिपका, त्याला टेकून पांढरं टिंब.
ही आई.
पांढरं म्हणजे किटली, गंगावेशीत दूध घालायला निघालेली.
सहा वर्षं ती रोज ह्या नावेत बसली
आणि एका सकाळी कुणी काठावर स्टँड मांडून
तिला दोन फटक्यांत उरकलं,
हे तिला कधी कळलं नाही.

बाईंना विचारलं, माणसं कोण ही?
म्हणाल्या, "उरुणकर सर म्हणायचे, माणसं नाहीत ती,
पाण्यावर पडलेला उजेड आहे."
मी मान हलवली.
धंद्यात मान हलवावी लागते.

पूल झाला त्या साली नाव पालथी पडली.
दोन उन्हाळे शेळ्या बसल्या तिच्या आडोशाला,
तिसऱ्या वर्षी फळ्या गेल्या, कुणाच्या चुलीत की माळ्यावर, कोण जाणे.
शिदूमामा पुलावरून जाताना मधेच थांबायचा,
वाकून पाणी किती चढलंय ते सांगायचा,
कुणी विचारत नसताना.

रात्री शटर अर्धं ओढून मापं घेतली.
फ्रेमची खाच चारी बाजूंनी पाव इंच खाते.
गिऱ्हाइकाला हे कुणी सांगत नाही. जातं काय त्यात?
थोडं आभाळ, थोडं पाणी.
पण डाव्या कडेला, अगदी कडेला,
एक तांबडा डाग आहे.
ब्रश पुसला असेल सरांनी.
नाहीतर दप्तर असेल.
माझं दप्तर तांबडं होतं, आईच्या फाटल्या लुगड्याचं.
उशीर झाला की दरडीवरून ओरडायचो,
शिदूमामाऽऽ, थांबाऽऽ
आणि तो कळक रोवून नाव तशीच तोलत उभा राहायचा,
शिव्या देत.

फ्रेम ठोकली. सोनेरीच.
डावी खाच तेवढी कानशीनं एक सूत उतरवली,
वरून पुन्हा सोनेरी मारला.
बाईंना काही दिसलं नाही; पैसे मोजून दिले, रिक्षा बोलावली.

तांबडं अर्धं आत गेलंय, अर्धं बाहेर.
एक पाय दरडीवर,
एक पाय नावेत.